डावऱ्या हाताची गाठ

भवानी पेठ, सोलापूर
२ मार्च २०२५

श्री. सिद्धनाथ यांस दानम्माचा नमस्कार.

कोण दानम्मा म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. मल्लेशची बहीण. 'मल्लेश अँड पार्टी'तला मल्लेश, ज्याच्या ऑर्केस्ट्रात तुम्ही वायरी जोडायचात आणि वेळ पडली तर खंजिरीही वाजवायचात. चौतीस वर्षांत माणूस नाव विसरत नाही, विसरल्यासारखं करतो. मीही तेच केलं.

पत्ता रामहरीनं दिला. आपला ढोलकीवाला. मंगळवार बाजारात भेटला. केस सगळे गेले, बडबड तेवढीच आहे. म्हणाला, सिद्धनाथ रेल्वेत सिग्नलला आहे, होटगीत घर बांधलंय, दारात कडुनिंब आहे. फोन नंबर द्यायला लागला, मी घेतला नाही. तुम्ही हॅलो म्हणालात की मी ठेवूनच दिला असता. कागद बरा. कागद हॅलो म्हणत नाही.

आता कामाचं. माझ्याकडे एक गिटार आहे. हसू नका. अण्णाची, म्हणजे मल्लेशची, मुलगी आरोही, जुळे सोलापुरात राहते, अण्णाही तिच्याकडेच असतो. तिनं ती ऑनलाइन मागवली, आठ दिवस टिंगटिंग केलं, बोटं दुखायली म्हणून माझ्याकडे आणून टाकली. "आत्या, तुझ्याकडं जागा आहे, ठेव की." ठेवली. नुसती ठेवायला मला जमलं नाही.

लई गोड वस्तू आहे हो. साठ वर्षांपूर्वीच्या गिटारी असायच्या तशा घडणीची, पण वीतभर आखूड. रंग कच्च्या पिस्त्याचा, वर पांढरी प्लेट, दोन बटणं. पट्टीवरचे पडदे जवळजवळ, त्यामुळं माझी आखूड बोटंसुद्धा पोचतात. मांडीवर घेतली की झोपलेल्या लेकराएवढं वजन. मी डावरी, हे तुमच्या लक्षात असेल. म्हणून सगळ्या तारा काढून उलट्या क्रमानं बसवल्या. माथ्यावर तारांच्या खाचांची पट्टी असते, तीही काढून उलटी फिरवली आणि खाचा कानशीनं घासल्या. दोन दिवस गेले त्यात. काय मजा आली म्हणून सांगू.

पण स्पीकरला जोडली की घूंऽऽ असा आवाज येतो. तारांना हात लावला की थांबतो, हात काढला की पुन्हा घूंऽऽ. याला काय करायचं? सोलापुरात विचारायला दुसरं कुणी नाही. म्हणजे असेल, पण मला माहीत नाही. एवढंच विचारायचं होतं.

आपली,
दानम्मा

ता.क. अण्णाला या पत्राचं माहीत नाही.


भवानी पेठ
२१ मार्च

सिद्धनाथ,

कार्ड मिळालं. दोन ओळी! "आतल्या खळग्याला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवा. त्याला काळी वायर जोडा." खाली सही. ना कशी आहेस, ना बरी आहेस. अक्षर मात्र तेच, मुंग्यांची रांग.

आणि हे तुम्ही-आपण माझ्यानं होईना. अव्वाच्या, आमच्या आईच्या, हातची भाकरी एका ताटात मोडून खाल्लेल्या माणसाला तुम्ही काय म्हणायचं? मी तू म्हणणार. राग आला तर पुढच्या कार्डात तिसरी ओळ लिही.

पत्रा मिळाला. आमच्या बोळात मोटारी वाइंडिंग करणारा एक जण आहे, त्याच्याकडून आणला. कात्रीनं कापून आत बसवला, काळ्या वायरीला डाख दिला. डाख द्यायला मी तुलाच बघून शिकले. तू अंगणात बसून वायरी जोडायचास आणि मी चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता बघायचे. तुला वाटायचं पोरगी चरख्याकडं बघायलीय.

घूंऽऽ गेला. एकदम गेला. संध्याकाळी पेठेतले सगळे माग बंद झाल्यावर कसे कान रिकामे होतात, तसं झालं. मग मी एकच तार छेडली आणि ती विरेपर्यंत ऐकत बसले. स्पीकरला इकोचं बटण आहे. ते फिरवलं की सूर जातो, परत येतो, पुन्हा जातो. चुलीवर दूध उतू गेलं त्या दिवशी.

तुला सांगते काय काय केलंय ते. खांद्यावरचा पट्टा होता काळ्या रबराचा, कुत्र्याला बांधायचा असतो तसला. तो फेकला. घरात जुनी चादर होती, आमच्याच मागावरची, तिचा मोराचा काठ कापला, दुमडून शिवला, पट्टा झाला. बटणं प्लॅस्टिकची होती, त्यांच्या जागी लाकडी कांड्यांची टोकं कापून बसवली. अव्वाचा हात लागून लागून गुळगुळीत झालेली. आवाज वाढवायचा असला की मी अव्वाला हात लावते.

पट्ट्याच्या टोकाला गाठ मारताना तिची लई आठवण आली. माझ्या डाव्या हातामुळं माझी गाठ सगळ्यांच्या उलट पडते ना. चार घरच्या बाया बसल्या असल्या तरी अव्वा कापड हातात घेऊन सांगायची, ही दानीची गाठ. उलटी, पण सुटायची नाही.

आता एक सांगते, चौतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णाची गिटार मी वाजवायचे. दुपारी जेवून सगळे पसरले की भिंतीवरनं काढायची, उलटी धरायची आणि स्पीकरला न जोडता अगदी हळू वाजवायची. अण्णानं बजावलं होतं, "गिटारीला हात लावलीस तर हात मोडीन." मोडला नसता. पण वाजवूही दिली नसती. ती केवढी मोठी होती, माझा हात पट्टीच्या निम्म्यापर्यंत पोचायचा. तरी मागांच्या खटखटीत तो बारीक आवाज मला एकटीला ऐकू यायचा आणि वाटायचं, मी हितं नाहीच, दुसरीकडंच कुठं तरी आहे.

अक्कलकोटला नांदले, तो माणूस चांगला होता, गेला. मी परत हितं आले. त्या सगळ्या वर्षांत मी ती दुपार कधी मधी स्वप्नात बघायचे. आता जागेपणी बघायलेय. बाकी बरं.

दानम्मा


भवानी पेठ
१३ एप्रिल

सिद्धनाथ,

तिसरी ओळ आली. "तू म्हणालीस तरी चालेल." आणि चौथीही: "मल्लेशची तब्येत कशी आहे?"

मी ते कार्ड हातात घेऊन दारातच बसले. शेजारची चंद्रव्वा म्हणाली, काय गं, कोण गेलं? म्हटलं कुणी गेलं नाही, कुणी तरी आलं. तिला वाटलं ऊन लागलं मला. ताक आणून दिलं.

तू त्याची तब्येत विचारतोस. तो तुझं काय म्हणतो ते मी लिहू का? लिहिते, नाही तर या पत्राला अर्थ नाही. २५ मेला अण्णाला साठ पूर्ण होतात. आरोहीनं ठरवलंय, छोटा कार्यक्रम करायचा, पार्टीतल्या सगळ्यांना बोलवायचं. रामहरी येणार, कीबोर्डवाले बापूसाहेब येणार. परवा ती यादी वाचायली होती. मी म्हटलं, सिद्धनाथ? अण्णानं चहाचा कप खाली ठेवला. "त्याचं नाव काढू नको हितं. भर गड्ड्याच्या जत्रेत माझी अब्रू घालवली बे त्यानं. गिटारीतला आवाजच काढून नेला." आरोहीनं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीकडं. चौतीस वर्षं मी खिडकीकडंच बघायलेय.

कडक ऊन पडलंय. दुपारी लाइट जाते, पंखा बंद, रस्त्यावर माणूस नाही. अशा वेळी मी ओली चादर दारावर टाकते आणि गिटार मांडीवर घेऊन बसते. स्पीकर बॅटरीवर चालतो. अव्वा चरखा फिरवताना एक चाल गुणगुणायची, कानडीतली, शब्द तिलाही अर्धेच यायचे. ती बसवायलेय. ओल्या चादरीतनं उजेड हिरवा होऊन येतो आणि सूर लांबत जातात, आणि कधी कधी मला खरंच कळत नाही की वाजवणारी सतरा वर्षांची आहे का एक्कावन्नची.

फक्त आवाज मला जरा पत्र्यासारखा वाटत होता. म्हणून मी तारांखालचं पिकअप उघडलं. तुला काय सांगायचं, पण माझं समाधान म्हणून लिहिते: सहा लोहचुंबकं आणि त्यांच्याभोवती हजारो वेढे घेतलेली केसाएवढी तांब्याची तार. तिथूनच सगळा आवाज निघतो. ते वेढे काढून मी स्वतःच्या हातानं नव्यानं भरायचं ठरवलं. जन्म कांड्या भरण्यात गेला, ही पण कांडीच की.

तार आणायला मोटरवाल्याकडं गेले. तो एका जळक्या मोटारीचं काम करत होता. तुटलेल्या तारेची दोन टोकं हातात घेतली, ब्लेडनं खरवडली, मग जोडली. मी विचारलं, खरवडता कशाला? नुसती पिळली तर?

तो म्हणाला, "तारंवर वार्निश असतंय की अक्का. दिसत न्हाय डोळ्याला. ते काढल्याबिगर किती बी घट्ट बांधा, करंट जायचा न्हाय."

मी तिथंच स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं. पुढचं आज लिहवत नाही.

दानम्मा


भवानी पेठ
२० एप्रिल

सिद्धनाथ,

आज लिहिते. मध्ये थांबणार नाही. तूही थांबू नको, शेवटपर्यंत वाच.

एक्क्याण्णव साल, संक्रांत झालेली, गड्ड्याची जत्रा भरलेली. संध्याकाळी सहाला आपला कार्यक्रम. दुपारी अण्णा कपडे इस्त्री करून आणायला गेला होता, तू मंडपात वायरी टाकत होतास. मी गिटार काढली. खरखर येते म्हणून अण्णा आठ दिवस कुरकुरत होता. आमच्या घरात सगळीकडं सुताची तूस. मागात तूस अडकली की माग अडतो, ब्रश मारला की चालतो. मला वाटलं गिटारीचंही तेच असणार. म्हटलं साफ करून ठेवू, संध्याकाळी खणखणीत वाजली की अण्णा खूश होईल आणि मला कळेल की ते माझ्यामुळं. कुणाला सांगणार नव्हते. मनातल्या मनात मिरवणार होते.

पेचकसनं उघडली, मागाचा ब्रश फिरवला. ब्रशाच्या केसात पिकअपची तार अडकली आणि तुटली.

सिद्धनाथ, धागा तुटला की काय करायचं हे मला चौथ्या वर्षापासून माहीत आहे. ओरडायचं नाही, रडायचं नाही. गाठ मारायची. मागावर दिवसाला शंभर धागे तुटतात, शंभर गाठी पडतात, कापड पुढं सरकतं. मी तारेची दोन टोकं चिमटीत धरली आणि गाठ मारली. केसाएवढ्या तारेला. ओढून बघितली, पक्की. झाकण लावलं, गिटार भिंतीला टांगली. मला वाटलं झालं.

सहाला अण्णानं पहिला हात मारला आणि काहीच वाजलं नाही. त्यानं पुन्हा मारला. लोक शिट्ट्या मारायले. तू गिटार घेऊन पडद्यामागं आलास, बॅटरीच्या उजेडात उघडलीस. मी तिथंच होते, बायकांच्यात, पडद्याची दोरी धरून. तू आत बघितलंस. लई वेळ बघितलंस. मग पिकअप काढून खिशात घातलंस आणि अण्णाला म्हणालास, "माझ्याकडून झालं. दुपारी मीच उघडलं होतं."

बार्शीच्या पार्टीनं तुला बोलावलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णानं तेवढंच धरलं, जाता जाता मुद्दाम बिघडवलीस म्हणाला. सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. तू गाल चोळला नाहीस. खाली उतरलास आणि गर्दीत गेलास.

आणि मला काय वाटलं ते सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. एवढं एक वाक्य लिहायला मला चौतीस वर्षं लागली. तोंड होतं, जीभ होती, मी दोरी धरून उभी राहिले. घरी आल्यावर अंथरुणात स्वतःला समजावलं, गाठ तर पक्की होती, माझ्यामुळं नसेल, दुसरं काही बिघडलं असेल, तोच म्हणाला ना मीच म्हणून. हे समजावणं मी रोज थोडं थोडं करून चौतीस वर्षं पुरवलं. त्या मोटरवाल्यानं ब्लेड चालवलं आणि ते संपलं.

माझ्यामुळं झालं. पार्टी मोडली ती माझ्यामुळं, तुझं नाव गेलं ते माझ्यामुळं. तू पंधरा किलोमीटरवर राहून कधी सोलापुरात पाऊल टाकलं नाहीस, तेही माझ्यामुळं. मी अण्णाला सांगणार आहे. पंचवीस तारखेच्या आत. तुला आधी सांगितलं, कारण तुझं देणं आधीचं आहे.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तुला वाटलं तर कर.

दानी


भवानी पेठ
८ मे

सिद्धनाथ,

तुझं कार्ड नाही. अठरा दिवस झाले. पोस्टमन बोळात आला की मी उगाच झाडू हातात घेते. बरोबरच आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर पत्र चुलीत घातलं असतं.

पण हे तुला कळवणं भाग आहे. अण्णाला सांगितलं. जुळे सोलापुरात त्यांच्या गॅलरीत, सकाळी, तो तुळशीला पाणी घालत होता तेव्हा. सगळं सांगितलं, ब्रश, तार, गाठ, दोरी. मला वाटलं होतं ओरडेल, तांब्या फेकेल. तो हसला रे!

"त्याला वाचवायलीस व्हय? रामहरीनं सांगितलं मला, तुमची पत्रं चालल्यात म्हणून." म्हणजे रामहरीच्या पोटात काही राहत नाही ते नाहीच. "दाने, तुला गिटारीतलं काय कळतंय? आणि तो निर्दोष होता तर पिकअप काढून कशाला नेलं बे त्यानं? चोरानं नेल्यासारखं? मी उघडून बघीन म्हणूनच की!"

मी म्हटलं, अण्णा, शपथ घेते. तो म्हणाला, घे, तू पहिल्यापासून त्याच्या बाजूची.

खरं सांगितल्यावर कुणी खरं मानत नाही, ही शिक्षा मला माहीत नव्हती. आणि त्याचा तो प्रश्न आता माझाही आहे. तू पिकअप का नेलंस? रागानं? आठवण म्हणून? इतकी वर्षं मीही हेच धरून होते की रागानं नेलंस. कारण काही का असेना, तू एक ओळ लिहिलीस तर मी ती त्याच्यासमोर ठेवीन. मला माझ्यासाठी नको. यादीत तुझं नाव यायला पाहिजे. अण्णा साठीचा झाला, तू अठ्ठावन्नचा. आता नाही तर कधी?

बाकी काय. पिकअप भरून झालं. अव्वाचा चरखा माळ्यावरनं काढला, तेल घातलं, चातीवर पिकअप बसवलं आणि फिरवत गेले. तार एवढी बारीक की दिसत नाही, बोटांना नुसती कळते. उजेड पडेल तशी मध्येच एकदा लकाकते. सात हजार वेढे. मोजता मोजता मी कितीदा हरवले, कुठल्या आकड्यावर होते ते चरख्यालाच माहीत. दोन दुपारी गेल्या. यंत्राच्या हातानं वेढे एकसारखे पडतात, माझे जरा इकडं तिकडं पडले. पण आवाजातला पत्रा गेला. सूर आता मऊ येतो, मागनं कुणी तरी हात धरल्यासारखा.

ती चाल पूर्ण बसली. पंचवीस तारखेला वाजवीन म्हणून आरोहीला सांगितलं होतं. आता मन नाही. तुझ्या नावाशिवायच्या यादीत माझंही नको.

दानी


भवानी पेठ
२१ मे

सिद्धनाथ,

काल पार्सल आलं. गोळ्यांचा पत्र्याचा डबा, वर सुतळी. मी आधी हलवून बघितलं, काहीच वाजेना. उघडलं तर कापसात ते पिकअप. काळं पडलेलं, एका कोपऱ्याला टवका. आणि तुझं कार्ड, नेहमीसारखं कंजूष:

"गाठ त्याच वेळी ओळखली होती. मल्लेशनं उघडलं असतं तर त्यानंही ओळखली असती, म्हणून काढून घेतलं. गाठीत खोट नव्हती. वार्निश तेवढं खरवडायचं राहिलं."

मी ते पिकअप उजेडात धरलं. चष्मा लावला, तरी दिसेना. मग बोटानं शोधली. चौतीस वर्षांपूर्वीची माझी गाठ, उलटी, सुटलेली नाही.

तू म्हणजे वेडा आहेस का रे? थोबाडीत खाल्लीस, चोर म्हणवून घेतलंस, आणि खिशात काय, तर माझी गाठ. मी दोरी धरून उभी होते आणि तुला सगळं माहीत होतं. पडद्यामागं तू लई वेळ बघत राहिलास ते कशाकडं, ते मला काल कळलं. मी काल एवढी रडले की चंद्रव्वा पुन्हा ताक घेऊन आली. या वेळी दोन तांबे.

मग रिक्षा केली आणि जुळे सोलापूर गाठलं. अण्णा पेपर वाचत होता. मी डबा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं पिकअप उचललं, खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि जन्मभर कापडावर फिरवलं तसं नख फिरवलं. एका जागी नख थांबलं.

"ही तुझी गाठ," म्हणाला.

मी म्हटलं, व्हय.

"दानीची गाठ," पुन्हा म्हणाला, अगदी अव्वा म्हणायची तसं. मग कार्ड वाचलं. कार्ड केवढं, तीन ओळींचं, पण तो ते लई वेळ वाचत होता. आरोही चहा घेऊन आली, त्याच्याकडं बघून तशीच परत गेली. तो म्हणाला, "मी त्याला मारलं की गं. सगळ्यांसमोर." मला वाटलं आता माझ्यावर येईल. नाही आला. म्हणाला, तू पोरगी होतीस, मी पुरुष होतो, मी विचारायला पाहिजे होतं. मी म्हटलं, मी सांगायला पाहिजे होतं. यावर आम्ही दोघं भांडलोसुद्धा, कुणाची चूक जास्त म्हणून. आरोही म्हणाली, अप्पा, आत्या, चहा गार व्हायलाय.

आज सकाळी तो भवानी पेठेत आला, सहा वर्षांत पहिल्यांदा जिना चढला. मी त्याच्यासमोर काम केलं. गाठीच्या अलीकडं पलीकडं ब्लेडच्या टोकानं वार्निश खरवडलं. गाठ सोडली नाही. वर डाखाचा एक थेंब दिला. माझ्या पिस्ता गिटारीत हे जुनं पिकअप मावेना, तर अण्णानं स्वतः कानस घेतली आणि पांढरी प्लेट घासून दिली. लई घासली, एका बाजूला फट राहिलीय. राहू दे.

जोडली. अण्णा म्हणाला, दे. मांडीवर घेतली, हात मारला आणि दचकला. "उलटी हाय की सगळी!" मी म्हटलं, माझी आहे, माझ्यासारखी असणार. मग मी वाजवली. अव्वाची चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या गाठीतनं. नवं पिकअप मऊ होतं, याच्यात जरा खरखर आहे. ती खरखर मला आवडली. अण्णा डोळे मिटून बसला होता आणि त्याचा पाय हलत होता, पार्टीत हलायचा तसा. मला वाटलं चादरीतनं येणारा उजेडच वाजायलाय.

संपल्यावर अण्णा म्हणाला, "कागद घे. त्याला लिही." मी म्हटलं, तू लिही की. तो म्हणाला, मला न्हाय जमत, आणि टपालाला दोन दिवस लागतात, मला दोन दिवस न्हाय काढवत.

म्हणून हे पत्र टपालानं आलेलं नाही. पाकिटावर तिकीट नाही, बघितलंस का? हे तुझ्या हातात दिलं तो पांढऱ्या केसांचा माणूस अण्णा आहे. तू ओळखला नसशील, वाळलाय. मी रस्त्यापलीकडं आरोहीच्या गाडीपाशी उभी आहे, खांद्यावर गिटार आहे, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. या वेळी दोरी धरून उभी नाही, तू हाक मारलीस की येते.

त्यानं यादी आणलीय खिशात. तुझं नाव त्यानं स्वतःच्या हातानं घातलंय, सगळ्यांत वर. पण तो काही बोलणार नाही, त्याला येत नाही. नुसता उभा राहील. वाचून झालं असेल तर मान वर कर.

आणि त्याला आत घे. ऊन लई आहे.

दानी